अप्पाचं बसणं

अप्पाचा जावई घोड्यावरून उतरला तेव्हा मी सकाळचे रोगी संपवून हात धूत होतो. घोडं घामानं निथळत होतं, जावयाच्या डोक्याला पटका नव्हता, एवढ्यावरूनच काय ते कळलं. "मामा गेले पहाटं," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्यानं खाली बघून, घोकून आणल्यासारखं म्हटलं. "मामीनं सांगितलंय, डॉक्टरसाहेबाला म्हनावं, चिरफाडीची पेटी घेऊन या." माझा कंपाउंडर तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला. मेलेल्या माणसाला पेटी कशाला, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. दुःखानं जावयाचं डोकं फिरलं असावं असंही त्याला वाटलं असेल. मी कपाटातून पेटी काढली, सुऱ्या बघितल्या, टाक्यांचा दोरा घेतला आणि सरकी भरून चौसाळ्याच्या बाजूला निघालेल्या एका लॉरीत ड्रायव्हरशेजारी बसलो. रस्ताभर पेटी मांडीवर होती. या गोष्टीला आता महिना उलटून गेला, पण त्या पेटीचं वजन अजून जाणवतं…

गुरलिंगअप्पा हे चौसाळ्याचे भुसार-किराण्याचे दुकानदार. लोक त्यांना अप्पा म्हणत, मी 'अरे' म्हणायचो. गावात मौलवीसाहेबांची शाळा होती, तिथं एका सतरंजीवर आम्ही अलिफ-बे गिरवलं. मांडी घालून, पाटी पुढ्यात घेऊन, मागं-पुढं डोलत घोकायचं. माझ्या पायाला मुंग्या यायच्या, मी सारखा चुळबुळायचो. हा मात्र एकदा बसला की बसला! मौलवीसाहेब मला सांगायचे, उसको देख, कैसा बैठता. पुढे मी डॉक्टरी शिकायला हैदराबादेला गेलो आणि तो बापाच्या गादीवर बसला. गादीवर बसला म्हणजे खरोखर बसला, गिऱ्हाइकाकडे तोंड करून, पाय दुमडून, जसा चारचौघांत दुकानदार बसतो तसा. ते त्याचं बसणं फार वर्षं टिकलं नाही.

झालं ते अगदीच क्षुल्लक कारणानं झालं, आणि मला अजून त्याचाच राग येतो. बाजारचा दिवस होता. गाडीवरून ज्वारीचं पोतं त्यानं पाठीवर घेतलं, डावा पाय ओट्याच्या दोन दगडांच्या सापटीत पक्का रोवला, गुडघा जरासा वाकलेला. तेवढ्यात मागून कुणीतरी भाव विचारला. कोण होता, कुणालाही आठवत नाही. अप्पानं पोत्यासकट अंग वळवलं. अंग वळलं, पाऊल वळलं नाही. काडकन आवाज आला आणि तो पोत्याखाली कोसळला. बघतात तर गुडघ्याची वाटी पायाच्या बाहेरच्या बाजूला जाऊन बसलेली, गुडघा समोरून रिकामा, खोलगट. कुणीतरी घाबरून पाय ओढला, पाय सरळ झाला तशी वाटी आपोआप जागेवर आली. लोकांनी हुश्श केलं. गुडघा भोपळ्यासारखा सुजला, हळद-तुरटी लावली, आठवड्याभरानं अप्पा काठी टेकत दुकानात आला. बरं झालं, निभावलं, असं सगळ्यांना वाटलं.

निभावलं नव्हतं. ते का नव्हतं, हे मला हैदराबादेत मुडदे चिरताना कळलं, आणि इथं दोन शब्दांत सांगणं भाग आहे. आपण जिला वाटी म्हणतो आणि माझ्याबरोबरची हैदराबादी पोरं जिला चपनी म्हणत, ते हाड कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं. वरून मांडीचा मोठा स्नायू तिला ओढतो, खालून एक जाड पट्टा तिला नडगीच्या हाडाशी धरून ठेवतो, आणि पाय वाकेल-सरळ होईल तशी ती मांडीच्या हाडाच्या टोकाला असलेल्या चरातून वर-खाली सरकते. पण मांडीची ओढ सरळ नसते, ती थोडी बाहेरच्या अंगाला असते. म्हणजे माणूस पाऊल टाकतो तेव्हा वाटी बाहेर पळायला बघते. तिला पळू देत नाही तो आतल्या बाजूचा एक पातळ पांढरा पट्टा. वाटीच्या आतल्या कडेपासून निघतो आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या उंचवट्याला जाऊन चिकटतो. औताच्या बैलाला जू सोडून जाऊ देत नाही ते जुपणं जसं, तसं त्याचं काम. आमच्या इंग्रजी पुस्तकात त्याला धड नावसुद्धा नव्हतं, वाटीच्या वर्णनात एक ओळ होती फक्त. पाऊल रोवलेलं असताना अंग वळलं की हा पट्टा तुटतो. वाटी परत जागेवर येते, पट्टा येत नाही. तो लांब होऊन, धुऊन धुऊन सैल झालेल्या नाडीसारखा कसाबसा सांधतो. मग वाटीला रस्ता मोकळाच.

तसंच झालं. दुकानाची पायरी उतरताना वाटी गेली. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा आटोपून उठताना गेली. एकदा तर शेजारच्या लग्नात पंगतीत वाढायला वाकला आणि वरणाच्या भांड्यासकट कोसळला. दर वेळी पाय सरळ केला की वाटी जागेवर यायची आणि दर वेळी गुडघा सुजायचा. त्यात अप्पाचं लग्न ठरलेलं. बापाला धास्ती पडली की ऐन मांडवात वाटी गेली तर चारचौघांत नाचक्की. मग पलीकडच्या गावच्या एका हाडवैद्याला बोलावलं. तो म्हणाला, "मालक, वाटी सारखी निसटायली, कारन ती कदी नीट बसलीच न्हाई. मी कायमची बसवतो." आणि दसऱ्याच्या सुमाराला त्यानं मैदालकडीचा लेप देऊन, जांघेपासून घोट्यापर्यंत बांबूच्या कामट्या लावून तो पाय काठीसारखा सरळ बांधला. सैल पडला की पुन्हा आवळायचा. असा तो पाय शिवरात्रीपर्यंत बांधलेला होता.

मी त्या वैद्याला शिव्या देणार नाही. तो लबाड नव्हता, मोडलेले हात-पाय त्यानं कितीतरी लोकांचे चांगले जुळवले होते, आणि मोडलेल्या हाडाला बांधून ठेवणं बरोबरच आहे. पण इथं हाड मोडलेलंच नव्हतं! मोडलं होतं ते मऊ, पातळ, हाताला न लागणारं. त्याला आपल्याकडे शब्द नाही, म्हणून ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शब्द होता वाटी, म्हणून वैद्यानं, बापानं, आख्ख्या गावानं वाटीलाच धरलं. वाटी बसली पाहिजे, बस्स. तो गुडघा थोडे आठवडे जपून, मग रोज थोडा थोडा वाकवत नेला असता, मांडीचा आतला स्नायू कमावला असता, तर काही सांगता येत नाही… पण इतके महिने न हलल्यामुळे वाटी चराला चिकटली, मांडीचा स्नायू हाडाला चिकटला, बाहेरच्या अंगाचे पडदे सुकलेल्या चामड्यासारखे आवळून आले. कामट्या सोडल्या त्या दिवशी वैद्यानं वाटी दाबून बघितली आणि खुशीत म्हणाला, "बसली." बसलीच होती. पुन्हा म्हणून कधी निसटली नाही. मात्र त्या दिवसापासून अप्पा बसला नाही.

खुर्च्या-मेजांवर ज्यांचा जन्म गेला त्यांना यात काय मोठंसं, असं वाटेल. आपल्याकडे सगळं आयुष्य जमिनीवर असतं. जेवण जमिनीवर, पूजा जमिनीवर, गादी जमिनीवर, सकाळचा विधीसुद्धा उकिडवं बसून. आणि पाय पसरून बसणं म्हणजे समोरच्याचा अपमान, हे आपण पोरांना बोलता येण्याआधी शिकवतो. अप्पाचा डावा पाय कायमचा कुणा ना कुणाकडे रोखलेला. दुकानात गिऱ्हाइकाकडे, घरात देव्हाऱ्याकडे, पंगतीत समोरच्या पानाकडे. तो पंगतीच्या अगदी टोकाला, भिंतीकडे पाय करून बसायचा. गुरुस्वामी घरी आले की पायावर उपरणं टाकायचा. लग्नातही एक पाय दुमडून आणि एक सरळ ठेवूनच तो पाटावर टेकला. गिरजावहिनींच्या बापानं ऐन वेळी नाक मुरडलं होतं, पण वहिनी म्हणाल्या, "पाय सरळ हाय तर हाय, मानूस तर वाकडा न्हाई ना?" हे मला अप्पानंच सांगितलं, आणि सांगताना त्याला जो अभिमान वाटायचा तो बघण्यासारखा होता.

एकदा एका बांधाच्या भांडणात साक्षीला त्याला एका कचेरीत बोलावलं, मी सोबत गेलो होतो. फरशीवर जाजम, समोर तक्क्याला टेकून साहेब. सगळे पाय दुमडून बसले. अप्पानं कोपरा धरला होता, पण चपराशानं त्याला पुढं ओढलं. मग पाय साहेबाकडे झाला. "ए, पाँव अंदर ले! साब की तरफ पाँव करके बैठा, तमीज नै क्या?" अप्पा हात जोडून म्हणाला, "हुजूर, मुडता नै." त्या माणसानं हातातली छडी त्याच गुडघ्यावर हाणली. "नै मुडता?" लोक हसले. हो, हसले, आपलेच लोक. साहेबानं कागदातून डोकं वर काढलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली, मी उठायला लागलो तर अप्पानं माझं धोतर धरून मला खाली ओढलं आणि स्वतः खांबाला धरून उठला. दिवे लागेपर्यंत तो त्या खांबाशी उभा होता. परतताना गाडीत फक्त एवढंच म्हणाला, "त्या छडीनं मोडला असता तर बरं झालं असतं बे, राम्या."

त्याची आई गेली ती मी बघितली. जीव जात होता आणि ती म्हणत होती, गुरल्या, मला मांडीवर घे. थोरल्या लेकाच्या मांडीवर डोकं ठेवून जायचं, पाणी त्याच्या हातून घ्यायचं, यापलीकडे तिला काही नको होतं. पण याला मांडीच नव्हती. तो तिच्याशेजारी आडवा झाला, दंडावर तिचं डोकं घेतलं. म्हातारी चाचपडत होती, मांडी कुठाय, मांडी कुठाय… तिला काय झालंय ते त्या घटकेला आठवत नव्हतं. ती गेल्यावर अप्पा तसाच पडून राहिला. वहिनींनी आणि मी धरून उठवला तर दंड बधिर झाला होता. त्यानं स्वतःच्या गुडघ्यावर मूठ मारली आणि आमच्या देखत त्या गुडघ्याला इतक्या घाणेरड्या शिव्या दिल्या की गावातल्या बायका बाहेर सरकल्या. मला वाटतं, त्या दिवशी तो जेवढं मोकळं रडला तेवढं पुढे कधी रडला नाही.

मी डॉक्टर होऊन आलो तोवर पाय लाकूड झालेला. तरी हट्टानं त्याला हैदराबादेला घेऊन गेलो. मोठ्या सर्जनानं गुडघा बघितला, वाकवून बघितला, आणि विचारलं, चलता है ना? अप्पा म्हणाला, चलता है. मग चलने दो. मी बाहेर येऊन त्याला समजावलं की उघडून आतली चिकटलेले पडदे सोडवता येतात, पण सांध्यात पू झाला तर पाय जातो, कदाचित जीवही. तेव्हा काळ तसाच होता, उघडलेल्या सांध्याला सर्जनही भीत. परत येऊन दुकानापाशी गाडीतून उतरल्यावर तो एकदम म्हणाला, "एक सांग. मेल्यावर चिरलं तर पू हुतो का बे?" मी म्हटलं, काय बोलतोस हे? "इचारलं ते सांग." म्हटलं, नाही होत. "मग तवा चीर."

आधी मला हसू आलं. मग कळलं की तो थट्टा करत नाही. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लिंगायतांत मयताला जाळत नाहीत आणि आडवंही पुरत नाहीत. पूजेला बसावं तसं मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात आणि समाधीच्या खड्ड्यात कोनाडा करून त्यात तसंच बसतं ठेवतात. जन्मभर ज्याची बसून पूजा केली त्याच्यापुढं शेवटचं बसायचं. अप्पा म्हणाला, "सगळी जिंदगी लोकाकडं पाय करून काढली. आता शिवापुढंबी पाय पसरूनच जाऊ का? आमच्या भावकीतल्या मल्लाप्पाचं आंग असंच ताठलं हुतं, तर मुसळानं गुडघे फोडून बसवलं. मी हुतो तिथं. त्यो आवाज मी इसरलो न्हाई. मला मुसळ लावू देऊ नको. आन आडवाबी जाऊ देऊ नको. तू ये, आन तुला ठाऊक हाय ते आतलं काय काय, ते सोडीव. मला बसीव." मी हो म्हटलं. वहिनी दुकानाच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकलं होतं. अप्पा त्यांच्याकडे वळून म्हणाला, "ऐकलं न्हवं? सांगावा तू धाडायचा."

यंदा थंडीत त्याच्या छातीत कफ भरला. जाण्याआधीच्या आठवड्यात मी जाऊन आलो. अंगात ताप, बोलताना धाप, पण तोंड चालूच. "पेटीला गंज चढला का बघून ठीव बे." मी चिडलो. म्हटलं, तू कशाला मरतोस, तुला काही झालेलं नाही. डॉक्टर माणसानं रोग्याशी खोटं बोलू नये म्हणतात, मी बोललो. तो हसला, त्याला ठसका लागला, वहिनींनी पाठ चोळली. निघताना त्यानं माझं मनगट धरून ठेवलं होतं. पकड बरीच घट्ट होती.

चौसाळ्याला पोचलो तेव्हा दुपार झालेली. ओट्यावर पुरुष मंडळी बसलेली, आत बायकांचं रडणं. माळावर खड्डा खणणारे दोघं कुदळी घेऊन वळचणीला उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत होते, "खड्डा बसता खनायचा का आडवा?" त्यांचंही बरोबर होतं, दोन्हींचं माप वेगळं. पण उत्तर कुणी देत नव्हतं. आत मधल्या खोलीत अप्पाला भिंतीला टेकवून ठेवलं होतं. अंग गरम असतानाच उजवा पाय दुमडून घेतलेला, हात मांडीवर आणलेले. डावा पाय मात्र धोतरातून सरळ दाराकडे आलेला. आत येणाऱ्याला आधी ते पाऊलच दिसायचं. जिवंतपणी निदान तो त्यावर उपरणं टाकायचा, आता तेही कुणाला सुचलं नव्हतं.

त्याचा चुलतभाऊ बसलिंग माझ्या पेटीकडे बघून म्हणाला, "डॉक्टर, तुमचं आता काय काम हाय हितं?" मी सांगितलं. तो उसळला. "मेलेल्याला चिरायचं? कसाबखाना हाय का ह्यो?" विधीला बसलेल्या स्वामींनीही मान हलवली. म्हातारा माणूस, वाईट नव्हता. "शवाला सुरी लावत न्हाईत आपल्यात," ते म्हणाले. "वाटलं तर आडवं ठीवू. शिव समजून घेईल." बसलिंग म्हणाला, "आडवं कावून? आपल्या घरातलं कुनी आडवं गेलं न्हाई. मुसळ आना, एका दनक्यात बसतंय. मेलेल्याला कळतंय व्हय?" आणि तो खरंच माजघराकडे निघाला. हे त्यांचं घर, त्यांचा धर्म, त्यांचं मयत… मी कोण?

गिरजावहिनी बायकांतून उठून आल्या. डोक्यावरचा पदर सरळ केला आणि बसलिंगच्या आडव्या उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "स्वामी, एक इचारते. हाड फोडलेलं चालतंय आन कातडं चिरलेलं चालत न्हाई, असं कुटं सांगितलंय?" मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "ह्या मानसानं माझ्यासमोर शब्द घेतलाय भावजीकडून. मुसळ नको म्हनले, आडवंबी नको म्हनले. जलमभर तुमी सगळ्यांनी त्या गुडघ्याला नावं ठेवली. आज तेवढं त्यांच्या मनासारखं हू द्या." बसलिंग म्हणाला, "वैनी, लोक काय म्हनतील?" त्या म्हणाल्या, "लोकाला म्हनावं गिरजीला इचारा." स्वामी उठले, खोलीच्या बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "दार लावून घ्या." ओट्यावर जाऊन त्यांनी खड्डेवाल्यांना सांगितलं, थांबा जरा.

आत मी आणि जावई. झरोक्यातून ऊन येत होतं, तेवढा उजेड पुरला. जावयाला टाच धरायला सांगितली, त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. मी कातडी उघडली. बाहेरच्या बाजूला ते आवळलेले पडदे, नुसते वाळलेल्या वादीसारखे, सुरी करकरली. वाटीच्या वरचा स्नायूचा पट्टा हाडाला घट्ट चिकटलेला, तो सोडवला, आडवा कापला. मग वाटी उचलून आतल्या अंगाला बघितलं. तो पट्टा तिथं होता. ज्याला नाव नाही तो. मांडीच्या हाडाकडच्या टोकाशी तुटलेला, पुन्हा कसातरी खालच्या बाजूला जाऊन चिकटलेला, पातळ, पिवळसर, बोटानं ढकलला तर हलणारा. हाड सगळं शाबूत होतं. कुठं चीर नाही, कुठं काही नाही! माझ्या करंगळीएवढी ती पट्टी. तिच्यापायी ती छडी, ती आई, ती पंगतीच्या टोकाची जागा, ते सगळं आयुष्य… मी तिथंच सुरी खाली ठेवली आणि रडलो. जावयानं भिंतीकडे बघतच विचारलं, "काय झालं डॉक्टरसाहेब, हुईना का?" म्हटलं, होतंय, बाळा. टाच मागं घे, हळूहळू.

पाय वाकला. आत चिकटलेलं एकेक सुटत गेलं, त्याचा आवाज आला, नाही असं नाही, पण तो कापड फाटावं तसा होता, मुसळाचा नव्हता. टाच मांडीखाली आली. गुडघा जमिनीला टेकला. मी कातडी शिवली, जितकी बारीक शिवता येईल तितकी बारीक शिवली, रक्त कसलं येणार, पाण्यानं पुसून घेतलं. जावयानं आता वळून बघितलं आणि आपण होऊन टाक्यांवर विभूती फासली. मग स्वामींना बोलावलं. त्यांनी अप्पाला न्हाऊ घातलं, कपाळाला विभूतीचे पट्टे ओढले, बसलिंगनं स्वतःच्या हातानं पांढरा पटका बांधला. पाटावर, भिंतीला पाठ, तोल जाऊ नये म्हणून मागून खुंटीला शेला बांधलेला. स्वामींनी डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं आणि बाहेर खड्डेवाल्यांना निरोप गेला. बसता खणा.

मग दार उघडलं आणि बायकांना आत घेतलं. सगळ्या आत येऊन रडायला लागल्या, वहिनी तेवढ्या उंबऱ्यात थांबल्या. रडल्या नाहीत. त्यांच्याकडे बघून माझ्या लक्षात आलं, की ज्या माणसाबरोबर यांनी जन्म काढला, ज्याला रोज धरून बसवलं-उठवलं, तो मांडी घालून कसा दिसतो हे त्यांनी आजवर बघितलेलंच नाही. त्या माझ्याकडे वळल्या नाहीत, बघतच बोलल्या. "तुमी बघितलं असंल भावजी, ल्हानपनी. मी आज बघायले." मग आत येऊन त्याच्या अगदी समोर, जिथं इतकी वर्षं तो पाय असायचा त्या रिकाम्या जमिनीवर, बसल्या.

बाहेर हलगी सुरू झाली. बसलिंग आत आला, "चला, उचला, ऊन कललं," म्हणाला आणि चौघंजण पाटाला हात घालायला वाकले. वहिनींनी बसल्या जागेवरून हात आडवा केला.

"आत्ता कुठं बसलेत ते," त्या म्हणाल्या. "थोडं बसू द्या की त्यान्ला."

कुणीतरी बाहेर जाऊन हलगी थांबवली. आम्ही थांबलो.